कोकण रेल्वे: वीज आली, वंदे भारत आली, तरी गाडी क्रॉसिंगला का थांबते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती दीड-दोन महिन्यांवर आले की तेच तेच प्रश्न सुरू होतात. दरवेळी दहा जणांना दहा वेळा टाईप करून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं पुढे पाठवलं की काम झालं. मी रेल्वेत नाही, गाव कोकणात आणि नोकरी मुंबईत असं असलेला साधा चाकरमानी आहे, पण लहानपणापासून या रुळावरून इतक्या वेळा गेलोय की स्टेशनं झोपेतही ओळीने म्हणून दाखवीन.

कोकण रेल्वे मुंबईपासूनच सुरू होते ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. कोकण रेल्वे सुरू होते रोह्याला आणि संपते मंगळुरूजवळच्या ठोकूरला, एकूण ७४१ किलोमीटर. रोह्यापर्यंतचा रूळ मध्य रेल्वेचा. त्यामुळे गाडी पनवेलच्या अलीकडे रखडली असेल तर कोकण रेल्वेच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, अजून तुम्ही तिच्या हद्दीत पोचलेलाच नाहीत.

ही लाईन बाकीच्या रेल्वेपेक्षा वेगळी का समजतात?

कारण ती बांधलीच वेगळ्या पद्धतीने. १९९० साली जुलैमध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधु दंडवते अर्थमंत्री होते आणि काम दिलं ई. श्रीधरन यांच्याकडे. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ अशा चार राज्यांनीही भांडवल घातलं आणि बाकीचा पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी असे सात भाग पाडून सगळीकडे एकदम काम सुरू केलं, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे तो एकटाच साडेसहा किलोमीटरचा. आजच्या पोरांना हे सगळं आयतं मिळालंय म्हणून किंमत नाही, आमच्या घरी आजोबा अजून सांगतात की मुंबईला जायचं म्हणजे बोट नाहीतर रात्रभर एसटी, आणि कशेडी घाट उतरेपर्यंत निम्मी एसटी ओकून झालेली असायची.

अंतर तेवढंच असून तिकीट जास्त का लागतं?

लोकांना वाटतं कंडक्टर-टीसीची काहीतरी चलाखी आहे, तसं काही नाही. महामंडळाने कर्ज काढून लाईन बांधली, ते फेडायचं म्हणून कोकण रेल्वेच्या हद्दीत अंतर वाढवून धरायची पद्धत सुरुवातीपासून आहे. प्रवासी भाड्यासाठी ४० टक्के वाढवून, म्हणजे तुम्ही खरे १०० किलोमीटर गेलात तर पैसे १४० किलोमीटरचे. सुरुवातीला ठीक होतं, पण पंचवीसेक वर्षांनंतरही ते तसंच चालू ठेवावं का, यावर माझं मत विचाराल तर नको. आणि हे बहुतेक प्रवाशांना माहीतच नसतं हे जास्त खटकतं.

विद्युतीकरण पूर्ण झालं का? की अजून डिझेलच?

झालं. २०१५ च्या नोव्हेंबरात कामाची पायाभरणी झाली, मार्च २०२२ मध्ये शेवटच्या टप्प्याची सुरक्षा तपासणी झाली आणि २० जून २०२२ ला पूर्ण विद्युतीकृत मार्ग अर्पण केला. खर्च १,२८७ कोटी रुपये. मग एकेक गाडी टप्प्याटप्प्याने विजेच्या इंजिनावर गेली.

कागदावर याचा फायदा इंधनखर्चात आणि प्रदूषणात, पण ज्याने जनरलच्या डब्यात उभं राहून करबुड्याचा बोगदा पार केलाय त्याला वेगळा फायदा माहितीय. डिझेलच्या दिवसात बोगदा आला की डब्यात एकच गलका, "ओ काका, खिडकी घ्या ना खाली", तोवर धूर आत आलेलाच, नाकाला रुमाल, पोरं खोकतायत, डोळे चुरचुरतायत, आणि बाहेर पडल्यावर एकदम पांढराशुभ्र उजेड आणि हिरवंगार. हा धूर बाहेर काढायला मोठ्या बोगद्यात भलेमोठे पंखे बसवावे लागले होते. आता बोगद्यात फक्त गार हवा आणि ओला वास येतो. आमची आई पूर्वी बोगदा यायच्या आधी पदर तोंडाला लावायची, अजूनही लावते, सवय.

मग वीज आल्यावर प्रवासाचा वेळ का कमी झाला नाही? गाडी तर तशीच थांबत थांबत जाते.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वीज इंजिनाला जोर देते, रूळ देत नाही. वीर स्टेशनच्या पुढे मार्ग अजून एकेरी आहे. म्हणजे मुंबईकडे येणारी आणि मुंबईहून जाणारी, दोघींना एकच रूळ. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडता येते. समोरून दुसरी येत असेल तर एकीने स्टेशनात बाजूच्या लूप लाईनवर जाऊन थांबायचं, दुसरी निघून गेली की मग सिग्नल. याला क्रॉसिंग म्हणतात आणि कोकणात हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत असतो.

आता हिशोब बघा. ७४१ किलोमीटरला सत्तरच्या आसपास स्टेशनं, म्हणजे दोन स्टेशनांत सरासरी दहा-अकरा किलोमीटर. समजा तुम्ही सावर्ड्याला पोचलात आणि समोरची गाडी नुकतीच पुढचं आरवली रोड सोडतेय, तर ती सावर्ड्याला येईपर्यंत तुम्ही जागेवर. गाडी कितीही दमदार इंजिनाची असू दे, उभ्या गाडीचा वेग शून्यच. बरं, वेळापत्रकात कुठे कोणाचं क्रॉसिंग हे आधीच बसवलेलं असतं, त्यातली एक गाडी पाऊण तास उशिरा धावायला लागली की तिच्यासाठी ठरलेली सगळी क्रॉसिंगं पुढे सरकतात आणि तिच्यापायी अजून चार गाड्या उशिरा होतात. पत्त्याचा बंगला आहे हा. त्यात मेल-एक्स्प्रेस, सुपरफास्ट, राजधानी यांना आधी वाट द्यायची म्हणजे पॅसेंजरवाल्यांचं नशीब शेवटचं.

क्रॉसिंगला थांबलेली गाडी हा एक वेगळाच प्रकार असतो. इंजिनाचा आवाज नाही, कुठेतरी आडबाजूचं स्टेशन, पत्र्यावर पाऊस वाजतोय, दारात चारपाच जण लोंबकळून सिग्नलकडे बघतायत. कोणीतरी छातीठोकपणे सांगतो "मांडवी येतेय समोरून", दुसरा म्हणतो "छे, मालगाडी आहे". मग रूळ थरथरायला लागतो, एक लांबलचक भोंगा, आणि बाजूच्या लाईनवरून गाडी अशी धडधडत जाते की हातातला चहा हिंदकळतो. सगळे डबे मोजून होतात, मागचा गार्ड हिरवा झेंडा दाखवत जातो, आणि तरीही आपली गाडी हलत नाही, कारण मागून अजून एक सुपरफास्ट येतेय.

दुपदरीकरण कुठपर्यंत झालंय?

रोहा ते वीर, ४७ किलोमीटरच्या आसपास, ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण. हा तुकडा आधी का घेतला याचं उत्तर भूगोलात आहे, इथे मोठे बोगदे नाहीत, जमीन त्यातल्या त्यात सरळ. वीर सोडलं की सह्याद्रीचे फाटे आडवे यायला लागतात. सध्याचे बोगदे एका रुळापुरते खोदलेत, म्हणजे दुसरी लाईन टाकायची तर नुसती खडी आणि रूळ टाकून भागणार नाही, करबुड्याच्या शेजारी दुसरं करबुडं, नातूवाडीच्या शेजारी दुसरं नातूवाडी खोदायला हवं, दऱ्यांवर दुसरे पूल हवेत. खर्च त्यामुळे प्रचंड. तरी माझ्या मते सगळं एकदम होत नसेल तर जिथे बोगदे कमी आहेत असे तुकडे तुकडे तरी घ्यायला हवेत, दोनचार स्टेशनांमध्ये दुहेरी रूळ मिळाला तरी क्रॉसिंग चालत्या गाडीत होतं, कोणालाच थांबावं लागत नाही.

ती नवीन दहा स्टेशनं काढली त्याचा काय उपयोग? तिथे तर एक्स्प्रेस थांबतच नाहीत.

ती तुम्हाला चढा-उतरायला नव्हे, गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला काढलीत मुख्यतः. इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामणे, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही आपल्याकडची आठ, मिर्जन आणि इन्नंजे कर्नाटकात. कडवईचंच घ्या. आधी आरवली रोड ते संगमेश्वर रोड हा एकच लांब तुकडा होता, एक गाडी आत गेली की ती बाहेर पडेपर्यंत बाकी सगळे ताटकळत. मध्ये कडवई आल्यावर त्याचे दोन तुकडे झाले, थांबण्याचा वेळ कमी झाला. दुपदरीकरणाचा हा गरिबाघरचा उपाय समजा, पण चालतो. गावातल्या लोकांना लोकल गाडी थांबायला लागली हा वरचा फायदा.

वंदे भारतने खरंच वेळ वाचतो का?

पावसाळा सोडून, हो. २७ जून २०२३ ला सीएसएमटी-मडगाव वंदे भारत सुरू झाली. खरं तर ३ जूनलाच व्हायची होती पण आदल्या संध्याकाळी ओडिशात बालासोरचा भीषण अपघात झाला आणि कार्यक्रम रद्द केला. कोरड्या दिवसात ती पावणेआठ तासांच्या आसपास मडगाव गाठते, शुक्रवार सोडून सहा दिवस. पावसाळ्यात मात्र आठवड्याला तीनच दिवस आणि दहा तासांच्या आसपास. लोक म्हणतात मग ती वंदे भारत कसली. अहो, रूळ तोच, डोंगर तोच, पाऊस तोच. शिवाय एकेरी मार्गावर तिला वाट द्यायची म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी लूपवर उभं राहायला लागतं, हेही लक्षात घ्या. एका गाडीचा वाचलेला वेळ दुसऱ्या गाडीच्या खिशातून जातो.

पावसाळी वेळापत्रक म्हणजे काय आणि कधी लागतं?

पावसाळ्यात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून वेळापत्रकच वेगळं असतं. आधी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला कमी करून १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. कोरड्या दिवसात या मार्गावर ताशी १२० किलोमीटरपर्यंत गाडी जाऊ शकते, पावसाळ्यात बऱ्याच टप्प्यात त्यापेक्षा खूप खाली, आणि धो धो पाऊस पडून पुढचं दिसेनासं झालं की लोको पायलटला ताशी ४० च्या वर न जाण्याच्या सूचना असतात. तिकीट मे मध्ये काढलं असेल आणि प्रवास जुलैचा असेल तर गाडीची वेळ परत एकदा बघा, दरवर्षी कोणी ना कोणी जुन्या वेळेने स्टेशनावर जातो आणि गाडी निघून गेलेली असते.

दरडीची भीती अजून आहे का? काय केलंय त्यासाठी?

भीती आहे, आणि असायला हवी. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला रुळावर पडलेल्या दगडांमुळे अपघात झाला. पावसाळ्यातला वेग कमी झाला तो या दोन अपघातांनंतर, उगाच कोणाच्या लहरीने नाही. मला वेग हवाच आहे पण या दोन तारखा आठवल्या की ४० च्या वेगाबद्दल कुरकुर करवत नाही.

काय केलं ते सांगतो. कटिंगचे, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलाय तिथले, उभे उतार कापून सपाट केले, डोंगराला लोखंडी जाळ्या लावल्या म्हणजे सुटलेला दगड जाळीत अडकतो. पाऊस किती पडतोय ते मोजायची यंत्रं स्टेशनांवर बसवली. पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा तीन पुलांवर आहे, माणगाव-वीरमधल्या काळ नदीच्या, वीर-सापे वामणेमधल्या सावित्रीच्या आणि चिपळूण-कामथेमधल्या वाशिष्ठीच्या. पाणवलचा पूल, गोव्यातले मांडवी आणि झुआरी आणि होन्नावरचा शरावतीचा पूल इथे वारा मोजतात, वारा फार झाला की गाडी रोखतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीचं पाणी वाढल्यावर गाड्या जिथल्या तिथे थांबवल्या होत्या, लोक वैतागले पण पुलावर जाऊन अडकण्यापेक्षा स्टेशनात अडकलेलं बरं.

आणि या सगळ्या यंत्रांच्या वर एक माणूस आहे, गस्तीवाला. रात्री खिडकीतून बाहेर बघत असाल तर कटिंगच्या तोंडाशी एखादी बॅटरी हलताना दिसेल, रेनकोट, पायात गमबूट, हातात दिवा, एकटाच. धोक्याच्या जागांवर चोवीस तास अशी माणसं असतात. दगड पडलेला दिसला की समोरून येणारी गाडी थांबवणं हे त्याचं काम, रुळाच्या कडेला साधारण दर किलोमीटरला फोन जोडायची सोय केलीय तिथून तो स्टेशनला कळवतो. एवढं सगळं असूनही डोंगर ऐकतोच असं नाही. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि मग चारच दिवसांनी दिवाणखवटीजवळ दरड आली, दोन्ही वेळा मार्ग बंद. गोव्याकडच्या बोगद्यांची माती लाईन बांधतानाही अशीच त्रास देणारी होती, पेडण्याचा बोगदा हा सगळ्यात चिवट कामांपैकी एक होता.

रो-रो मध्ये आपली कार टाकून गावाला नेता येते का?

ट्रकसाठी रो-रो २६ जानेवारी १९९९ पासून आहे, सपाट वाघिणींवर ट्रक चढवायचे, ड्रायव्हर ट्रकमध्येच. कोलाड स्टेशनात बघण्यासारखी गंमत असते. गणपतीच्या तोंडावर ऑगस्ट २०२५ मध्ये कारसाठीही कोलाड ते वेर्णा अशी सेवा सुरू केली, माणसांसाठी वेगळा डबा. पण कोलाड म्हणजे मुंबईहून पेण-नागोठण्याचा रस्ता तुम्हाला स्वतःच कापायचा आहे, आणि ज्याचं गाव चिपळूण-संगमेश्वरकडे त्याला गोव्यापर्यंत जाऊन काय करायचंय? कुडाळ-सावंतवाडीकडच्यांनी हिशोब करून बघा, बाकीच्यांनी नाद सोडा.

विलीनीकरणाचं काय? कोकण रेल्वे बंद होणार म्हणतात.

बंद काही होत नाही हो. मुद्दा असा की महामंडळ वेगळं असल्याने रेल्वे अर्थसंकल्पातून मध्य रेल्वेसारख्या झोनला मिळतो तसा पैसा याला सरळ मिळत नाही, आणि दुपदरीकरणासारखं काम स्वतःच्या कमाईतून होणं अवघड. म्हणून भारतीय रेल्वेत विलीन करा ही मागणी. गोवा, कर्नाटक, केरळ तयार होतेच, मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली, नाव कोकण रेल्वेच राहिलं पाहिजे या अटीवर. मी विलीनीकरणाच्या बाजूने आहे, फक्त एक धाकधूक आहे, मोठ्या झोनच्या पसाऱ्यात आपली लाईन म्हणजे शेवटचं पान होऊ नये. आत्ता निदान बेलापूरच्या ऑफिसात बसलेल्याला दिवाणखवटी कुठे आहे ते माहीत असतं.

दादर-रत्नागिरी पॅसेंजर परत दादरहून सुटेल का?

कोविडच्या आधी दादरहून सुटायची, नंतर दिव्यापासून सुटते. दिव्याला सामानसुमान, म्हातारी माणसं, पोरं घेऊन जिना चढून गाडी पकडणं काय असतं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. मागणी चालूच आहे. वंदे भारतचं कौतुक सगळे करतात, पण गावागावात थांबणारी गाडी हीच कोकणची खरी गाडी, हे मी कोणाशीही भांडून सांगेन.

विजेचा फायदा साध्या गाड्यांना काहीच नाही का मग?

आहे ना, मेमू, म्हणजे विजेवर धावणारी लोकलसारखी गाडी. दर गणपतीला चिपळूणपर्यंत मेमू स्पेशल सोडायला लागलेत, वीज नसती तर हे जमलंच नसतं. मेमू पटकन वेग घेते, पटकन थांबते, टोकाला इंजिन फिरवायची भानगड नाही, दर आठ-दहा किलोमीटरला थांबायचं असेल तर अशीच गाडी हवी. माझं म्हणणं आहे की बारा महिने हव्यात.

गणपतीचं तिकीट कधी काढायचं?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवसांचं झालंय, आधी १२० होतं. ज्या दिवशी निघायचं त्याच्या ६० दिवस आधी सकाळी ८ ला खिडकी उघडते आणि ८ वाजून २ मिनिटांनी वेटिंग. स्पेशल गाड्यांची घोषणा मागून होते तिच्यावर लक्ष ठेवा. तत्काळ एसीचं १० ला, साध्याचं ११ ला, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते आधीच करून ठेवा, सकाळी ९:५५ ला ओटीपीची वाट बघत बसू नका.

खिडकी कुठल्या बाजूची घेऊ? समुद्र दिसतो का?

मुंबईहून जाताना डावीकडे सह्याद्री, उजवीकडे समुद्राची बाजू, पण समुद्र दिसेल या आशेवर बसू नका, लाईन बरीच आतून जाते, मोठं पाणी दिसतं ते गोव्यातल्या खाड्यांवर. पावसाळ्यात उक्षीला जागे राहा, रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो. रत्नागिरी सुटल्यावर निवसरच्या आधी पाणवलचा पूल, ६४ मीटर उंच, खाली बघितलं तर माडाच्या झावळ्या आपल्या पायाखाली. काही सेकंदांत संपतो, मोबाईल हातात ठेवा. आणि नेमका फोटो हलला तर पुढच्या स्टेशनात क्रॉसिंगला थांबाल तेव्हा शेजारच्याकडून मागून घ्या, वेळ भरपूर असतो.